उजव्या काखेची शिवण

शिंप्याच्या घरात मंदी आली की ती आधी मशीनच्या आवाजातून कळते. नवं कापड असलं की मशीन लांब दम घेऊन पळते. जुनं शिवायला आलं की चार बोटं चालते, थांबते, पुन्हा चार बोटं चालते. त्या साली पावसाने पाठ फिरवली होती, पिकं उभ्या उभ्या वाळली होती, आणि शाळा सुरू झाली तरी गावात कुणी गणवेशाचं कापड घेतलं नव्हतं. अण्णांची मशीन सकाळपासून चार-चार बोटंच चालत होती.

पोरं एक इयत्ता वर गेली होती, गणवेश मागच्याच इयत्तेत राहिले होते. आया ते काखोटीला मारून येत आणि म्हणत, "अण्णा, खालची दुमड उसवून जरा लांबी वाढवा."

"दुमड म्हणजे काय रबर आहे का, ताई?" अण्णा चष्म्याच्या वरून बघत. "दोनदा उसवलीय मी ही. आता खाली नुसता काठ राहिलाय."

असं म्हणत आणि तिसऱ्यांदा उसवून देत. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे. आई उंबऱ्यापाशी उजेडात बसून ब्लेडच्या टोकाने टाके काढी आणि निघालेला दोराही गुंडाळून ठेवी. दुमडीच्या आतलं कापड उन्हात विटलेलं नसे, त्यामुळे वरचं फिकट निळं आणि खाली गुडघ्यापाशी गडद निळा पट्टा, असा सगळ्या शाळेचाच नवा गणवेश त्या साली तयार झाला होता.

ह्या घरातली मुलगी मास्तरीण व्हायला निघाली होती. तसं अजून व्हायचंच होतं. शिक्षणशास्त्राच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि सरावाचे पाठ घ्यायला तिला गावातल्याच शाळेवर चौथीचा वर्ग दिला होता. पण अण्णा तिला पहिल्या वर्षापासूनच मास्तरीण म्हणत. आधी थट्टेत म्हणत, मग सवयीने, आणि आता म्हणताना त्यांची छाती अर्धा इंच फुगे. त्यांनी स्वतःच ती मोजली असती तर तेवढीच भरली असती.

मास्तरणीला एक खोड होती. माणूस दिसायच्या आधी तिला त्याची शिवण दिसे. कुणाची कॉलर तिरकी, कुणाचा खिसा एका बाजूला खाली, कुणाचं काज सैल. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी मॅडम बालमानसशास्त्रावर जीव तोडून बोलत होत्या आणि ही त्यांच्या बाहीची चुणी बघत बसली होती. "मी आत्ता काय म्हटलं?" असं मॅडमनी विचारलं तेव्हा तिची दातखीळ बसली. सगळा वर्ग हसला. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, की ह्यापुढे कपडे बघायचे नाहीत, चेहरे बघायचे. आपण आता शिंप्याची पोर नाही, बाई आहोत. आणि खरोखर तिने डोळ्यांना तशी शिस्त लावली. मानेच्या खाली ती कुणाकडे बघेनाशी झाली.

चौथीचा वर्ग ज्या गुरुजींचा होता ते निवृत्तीला टेकलेले, मनाने मऊ गृहस्थ होते. पहिल्याच आठवड्यात तिच्या प्रश्नाला चारच हात वर आलेले बघून त्यांनी तिला व्हरांड्यात घेतलं.

"बाई, एक सांगू का? परीक्षेच्या पाठाला वर्ग भरलेला दिसला पाहिजे. चार हात वर आले तर कॉलेजच्या मॅडम म्हणतील, बाकीची पोरं काय झोपायला आली होती?"

"पण येत नसेल त्याने हात कसा वर करायचा, गुरुजी?"

"करायचा ना! ज्याला येतं त्याने उजवा करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. तुम्ही उजव्यालाच विचारायचं. वर्ग भरलेला दिसतो, पोरांची लाज राहते, तुमचंही काम होतं. साप मरतो आणि काठीही तुटत नाही. मी आयुष्यभर हेच केलंय."

तिला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न विचारला आणि वर्गात हातांचं रान उगवलं. पोरांनाही मजा वाटली. आपलं गुपित बाईंना ठाऊक आणि बाकी कुणाला नाही. शिवाय तिला आणखी एक सोय झाली. कॉलेजात सतत मूल्यमापन, सतत मूल्यमापन असा घोष चाले. इथे एका नजरेत कळत होतं, कोण उजवं आणि कोण डावं. पेपर नको, तपासणं नको. महिनाभरात तिने वर्गाचे दोन गट पाडले. उजवे हात पुढचा गट, डावे हात मागचा गट.

मागच्या गटात एक मुलगी होती. पोरं तिला पुतळी म्हणत, कारण ती पुतळ्यासारखी बसे. पाठ ताठ, उजवा हात कोपरापासून अंगाला चिकटलेला, वही अगदी पोटाशी ओढून लिहायची. मैदानात इतर पोरी दोरीवर उड्या मारत तेव्हा ही भिंतीला टेकून त्यांचे आकडे मोजी. प्रश्न कुठलाही असो, हिचा डावा हात वर. बेरजेला डावा, भूगोलाला डावा, आज वार कोणता ह्यालाही डावा.

"वार पण येत नाही हो तिला," मास्तरीण घरी हळहळत म्हणाली. "चेहरा तर एवढा हुशार आहे. डोळे कसे टपोरे करून बसते. त्या डोळ्यांमागे काही जातं की नाही, कोण जाणे."

"कुणाची गं?" आईने विचारलं.

"गावाबाहेर खडीच्या कामावर बाया जातात ना, त्यातल्या एकीची."

तिने पुतळीसाठी सोप्या चिठ्ठ्या केल्या, चित्रं काढली, सुट्टीत जवळ बसवून समजावलं. पुतळी मान डोलावी. पण वर्गात हात वर व्हायचा तो डावाच. मास्तरीण मनातून खट्टू होई. सर्वांना बरोबर घेऊन चालायचं असं ती कॉलेजात फळ्यावर लिहून आली होती, आणि इथे एक पोर काही केल्या बरोबर येत नव्हती.

परीक्षेचा पाठ जवळ आला. ह्या पाठात नापास म्हणजे वर्ष वाया, आणि ह्या मंदीत आणखी एक वर्ष तिला शिकवत ठेवणं घराला झेपणारं नव्हतं. अण्णा तसं बोलले नव्हते. पण आई निघालेला दोरा गुंडाळून ठेवते, हे बघणाऱ्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, ती पुतळी अगदी मधल्या रांगेत बसते. ह्या मॅडमना मधेच उठून एखाद्या पोराला स्वतः विचारायची सवय आहे. नेमकं तिला उठवलं तर वर्गाची अब्रू जायची. तिला म्हणा, उद्या नाही आलीस तरी चालेल. एका दिवसाने काय बिघडतं?"

मास्तरणीला ते ऐकून कसंसंच झालं. पण तिने उद्याच्या पाठाचं टाचण डोळ्यांपुढे आणलं, अण्णांची थांबत-थांबत चालणारी मशीन आठवली आणि फाटकापाशी पुतळीला गाठलं.

"उद्या नाही आलीस तरी चालेल हं."

पुतळीने मान डोलावली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "परवा येऊ ना, बाई?"

"परवा ये की! परवा नक्की ये."

घरी येईपर्यंत तिचं तोंड कडू झालेलं होतं. चहा प्यायली तरी कडूपणा गेला नाही. उद्याच्या पाठासाठी तिने लांबी मोजणं हा घटक घेतला होता, त्यासाठी कात्रणांतून कापडी फिती कापायला ती बसली. सगळ्या बारा सेंटिमीटरच्या. अण्णांची मोठी कात्री फितींच्या मानाने फारच जड होती, पण कापडाला दुसरी कात्री लावायची नाही असा घरचा नियम होता.

ऊन उतरलं तशी दारात एक बाई आली. अंगावर, केसांत, पापण्यांवर खडीची भुकटी. हातात नीट घडी घातलेला निळा फ्रॉक. हात धुळीने भरलेले म्हणून तिने तो फडक्यात धरला होता.

"या ताई," अण्णा म्हणाले. "लांबी वाढवायची?"

"लांबी राहू द्या अण्णा, काख तेवढी शिवून द्या. एकच फ्रॉक आहे. रोज अंगावरच असतो, संध्याकाळी धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. मग शिवायला आणू कधी? आज पोरगी म्हणाली, उद्या शाळा नाही, बाईंनी नको म्हटलंय. म्हटलं बरं झालं, देव पावला."

मास्तरणीच्या हातातली कात्री थांबली.

अण्णांनी फ्रॉक उलटा केला, उजव्या काखेत हात घातला आणि चार बोटं आरपार बाहेर काढली. "ही काय आजची फाटलेली नाही."

"शाळा सुरू झाली तेव्हापासूनची आहे. मी दोनदा टाके घातले, पण अंग वाढलंय ना, हात वर केला की टरकन जातं. म्हणून पोरगी तो हातच वर करत नाही. शाळेत म्हणे येणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा असतो. ही डावा करते. मग तिला कुणी विचारत नाही. घरी येऊन मला सांगते सगळी उत्तरं. मी चुलीपुढे, आणि ही पाठीमागे बडबडतेय. काही बरोबर असतील, काही चूक. मला काय कळतंय त्यातलं?"

मास्तरणीचे कान तापले. अख्खा महिना ती त्या पोरीच्या टपोऱ्या डोळ्यांत काय आहे ते शोधत होती. पुतळ्यासारखा ताठपणा, अंगाला चिकटलेलं कोपर, दोरीवर न मारलेल्या उड्या, सगळं सगळं डोळ्यांपुढे होतं. शिंप्याची पोर, आणि तिला फाटकी काख दिसू नये! तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

बाई गेल्यावर तिने घडलेलं सगळं सांगितलं. उजवा-डावाही सांगितला आणि फाटकापाशी आपण काय बोललो तेही. आईने ब्लेड खाली ठेवलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच गं," ती म्हणाली, आणि मुलीचा चेहरा बघून लगेच जवळ सरकली. "रडतेस काय? फाटलेलं दिसलं ना? मग शिव."

मास्तरणीने डोळे पुसले आणि फ्रॉक मांडीवर घेतला. नुसते टाके घालून उपयोग नव्हता, ते पुन्हा जाणारच. तिने कात्रणांच्या गाठोड्यातून गडद निळा तुकडा काढला, चौकोनी कापला आणि काखेत बसवायला घेतला. चौकोन तिरका बसवला की हात वर करताना कापड सोबत वर येतं, अंगाला ओढत नाही. किती तरी वर्षांनी ती मशीनवर बसली होती. पहिल्या टाक्याला दोरा तुटला.

"मास्तरीण झालात म्हणून दोऱ्याचा ताण विसरलात का?" अण्णा म्हणाले आणि मशीनची चकती अर्धा फेरा सैल करून दिली.

"रंग वेगळा दिसेल, अण्णा."

"दिसू दे. हात वर केल्याशिवाय काख कुणाला दिसते?"

उजेड असतानाच ती फ्रॉक घेऊन निघाली. पुतळी आईचं ढगळ झंपर घालून दारात भांडी घासत होती. बाईंना दारात बघून तिच्या हातातलं पातेलं गडगडत गेलं.

"घाल बघू," मास्तरीण म्हणाली.

पुतळी आत जाऊन घालून आली. हात अंगालाच चिकटलेला.

"वर कर."

पुतळीने आईकडे बघितलं, मग हात हळूहळू वर नेला. खांद्यापर्यंत नेऊन थांबली, आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. मग तिने हात सरळ आभाळाकडे केला आणि दुसरा हात तोंडावर ठेवून हसली.

"उद्या शाळा आहे," मास्तरीण म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं. माझंच चुकलं."

"पण उद्या मोठ्या मॅडम येणार ना? मला नाही आलं तर?"

"तर येत नाही म्हण. मलाही पुष्कळ येत नाही."

सकाळी घंटा व्हायच्या आधी तिने वर्गाला सांगून टाकलं, की उजवं-डावं बंद. ज्याला सांगायचंय त्याने हात वर करायचा, कुठलाही. गुरुजींनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, आज? आजच? लोक पाय घसरून पडतात विहिरीत, तुम्ही पोहता येत नसताना उडी मारताय."

कॉलेजच्या मॅडम आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाही आजही चुणलेली होती. मास्तरणीने ती बघितली आणि तिला उगाच धीर आला.

फिती वाटल्या, मोजपट्ट्या निघाल्या. "ह्या फितीची लांबी किती?" तिने विचारलं.

मोजून पाच हात वर आले. नेहमीच्या हातांच्या रानापुढे ते वाळलेल्या शेतातल्या ज्वारीच्या पाच ताटांसारखे दिसत होते. मागे पेन चाललं. गुरुजी दाराशी उभे होते, त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात मधल्या रांगेतून सहावा हात गेला, सरळ वर, कानाला घासून. आणि फिकट निळ्या फ्रॉकच्या काखेतला गडद चौकोन थेट फळ्यापासून दिसला.

"सांग," मास्तरीण म्हणाली.

"तेरा!" पुतळी खणखणीत म्हणाली.

वर्ग खो-खो हसला. टाचणात लिहिलं होतं, की चूक उत्तर आल्यास दुसऱ्या विद्यार्थ्यास विचारावे. पुढच्या रांगेतला एक जण बारा, बारा म्हणत बाकावर अर्धा उभाही राहिला होता. मास्तरणीने त्याला हाताने बसवलं.

"तेरा कसे आले? इकडे येऊन दाखव बघू."

पुतळी फळ्यापाशी आली. तिची मोजपट्टी सुरुवातीला मोडलेली होती, शून्याचा तुकडा कधीच गेला होता. तिने फीत मोडल्या टोकाला लावली, एकच्या आकड्यापाशी, आणि दुसरं टोक तेरावर आलं.

"बाई, पट्टीच मोडकी आहे!" पोरं ओरडली. "फेकून दे म्हणावं!"

"फेकली तर ती मोजणार कशाने?" मास्तरीण म्हणाली. "मोडक्या पट्टीने खरी लांबी काढता येईल का, ते सांगा."

वर्गात कुजबुज झाली. मग जो तो आपली फीत पट्टीवर पुढे-मागे सरकवू लागला. कुणी म्हणालं नवी आणायची, कुणी म्हणालं दोन पट्ट्या जोडायच्या. पुतळी फळ्यापाशीच उभी राहून आपल्या पट्टीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"एकच्या आधीचं मी मोजलंच नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मग ते... कमी करायचं. तेरातून एक. बारा!"

"मग पाचपासून लावली तर?" बाकावर अर्धा उठलेला तो आपण होऊन ओरडला, आणि मग वर्ग कुणाच्या हातात राहिला नाही. पाचपासून सतरा, सातपासून एकोणीस, दहापासून बावीस. पोरं पट्टीवर कुठूनही निघत होती आणि बारावर पोचत होती. मागचा गट कुठला आणि पुढचा कुठला, कुणालाच आठवण राहिली नाही. मास्तरणीलाही नाही. तिला एवढा आनंद झाला होता की घंटा वाजली तेव्हा ती दचकली. टाचणातलं शेवटचं पान, ज्यावर मूल्यमापन असं ठळक लिहून पाच प्रश्न काढले होते, ते उलटायचंच राहून गेलं.

व्हरांड्यात मॅडमनी चष्मा पुसला. "मूल्यमापन राहिलं तुमचं."

"हो, मॅडम."

"त्याचे मार्क जातील."

"हो, मॅडम."

"आणि हात फार थोडे वर होते. ह्या शाळेत दर वर्षी सगळे वर असतात. निम्मे उजवे, निम्मे डावे."

गुरुजी छपराची कौलं मोजू लागले.

"मी मागे बसते हो गुरुजी, आंधळी नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्या वेळी उघडी मूठ आणि मिटलेली मूठ होती. माझ्या स्वतःच्या परीक्षेला पन्नास मुठी वर होत्या!" आणि त्या अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. गुरुजींनी धावत जाऊन पाणी आणलं. पाणी पिऊन त्या मास्तरणीकडे वळल्या. "त्या मुलीचं तेरा ऐकून तुम्ही पुढे गेला नाहीत. का?"

"मी महिनाभर तिला सोडून पुढेच जात होते, मॅडम," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं, काखेसकट.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी कागदावर सही केली. "पास आहात. वेळेचं भान ठेवायला शिका."

घरी ती उंबऱ्यातूनच ओरडली, "पास! पण मार्क कापले."

"कापल्याशिवाय शिवता येतं का?" अण्णा म्हणाले, पण त्यांची छाती ह्या वेळी चांगली एक इंच फुगली. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "काख टिकली?"

"टिकली. हात खाली येईचना."

त्यानंतर मास्तरणीच्या डोळ्यांची शिस्त मोडली ती मोडलीच. आता तिला चेहरा आणि शिवण एकदमच दिसे. जो मुलगा फळ्यावर यायला कुरकुर करायचा त्याच्या चड्डीला मागे ठिगळ होतं. जी मुलगी प्रार्थनेला कायम मागे उभी राहायची तिच्या पाठीची बटणं गेली होती. तिने वर्गात एवढंच सांगितलं, की रविवारी सकाळी आमच्या घरी या आणि येताना फाटकं घालून या.

रविवारी अण्णांनी दार उघडलं तर रांग फाटकाच्याही बाहेर गेलेली. "शिक्षण हिचं आणि काखा माझ्या!" ते कुरकुरले, आणि कुरकुरतच त्यांनी टेप गळ्यात टाकला. आईने गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्यांची टोपली बाहेर काढली. मास्तरीण मशीनवर बसली. ह्यात पैसा नव्हता, मंदी होती तिथेच होती, पण घरात सकाळपासून कलकलाट होता आणि अण्णा कुणावर तरी ओरडायला मिळालं म्हणून खूश होते.

पहिल्या पोराच्या छातीला टेप लावायला ते वाकले आणि सवयीने म्हणाले, "हात वर."

सगळ्या रांगेने हात वर केले. कुणी उजवा, कुणी डावा, कुणी घाबरत अर्धाच.

"अरे, सगळ्यांना कुणी विचारलं?" अण्णांनी डोक्याला हात लावला. मग त्यांचं लक्ष रांगेच्या शेवटाला गेलं. तिथे पुतळी उभी होती. तिचं काहीच शिवायचं नव्हतं, ती नुसतीच आली होती. "आणि तू गं? तुझं तर शिवून झालंय. तू कशाला हात वर केलास?"

पुतळीने दोन्ही हात वर केले होते, अगदी कानांना घासून.

"काही येतं म्हणून नाही, अण्णा," ती म्हणाली. "असंच."